किल्ल्या दुसऱ्याच्या कमरेला

अभयारण्यातला प्राणी घटला की जाब कोणाला? तिथल्या वन अधिकाऱ्याला. विधानसभेत तारांकित प्रश्न लागतो, वर्तमानपत्रात चौकट येते आणि वन्यजीव विभागाचा उपवनसंरक्षक खुलासा लिहायला बसतो. जाब विचारायलाच हवा, पगार तो त्याचाच घेतो. पण तो प्राणी ज्या जमिनीवर जगतो ती जमीन, तो पितो ते पाणी, त्याच्या डोक्यावरची वीजतार, त्याच्या पिल्लामागे धावणारी कुत्री, यातलं त्या अधिकाऱ्याच्या हुकमात किती असतं? फार थोडं. घर राखायला त्याला बसवलंय आणि किल्ल्यांचा जुडगा दुसऱ्यांच्या कमरेला आहे. हे बदलत नाही तोवर अधिकारी बदलून काही साधणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

उदाहरणासाठी लांब जायला नको. सोलापूरहून बार्शीकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर नान्नज लागतं. सत्तरच्या दशकात सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी इथल्या माळावरचा माळढोक जगाच्या नजरेस आणला. उभा राहिला तर मीटरभर उंच, चाल भारदस्त, नराचं वजन पंधरा किलोपर्यंत. इतक्या वजनाचे उडणारे पक्षी जगात फार थोडे. तो देशाचा राष्ट्रीय पक्षी व्हावा, असं सालिम अलींचं मत होतं. १९७९ मध्ये सरकारने त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर केलं आणि नकाशावर रेघ ओढली ती थेट ८४९६ चौरस किलोमीटरभोवती.

गोवा राज्य ३७०२ चौरस किलोमीटरचं आहे. दोन गोवे आत घालून वर जागा उरेल एवढं हे अभयारण्य. सोलापूरकडचे उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि नगरकडचे कर्जत, श्रीगोंदा, नेवासा एवढ्या तालुक्यांत ते पसरलं. या टापूत खात्याच्या ताब्यातले माळ म्हणजे नान्नजला एक तुकडा, मार्डीला एक, कारंब्याला एक, अकोलेकाटीला एक. बाकी लोकांची शेतं, गावठाणं, बाजारपेठा, रस्ते. ज्या अधिकाऱ्याच्या नावावर हे राज्य लिहिलं गेलं त्याने पाय रोवून उभं राहावं एवढी स्वतःची जमीन त्यात नगण्य होती.

कायदा १९७२ चा, वन्यजीव संरक्षणाचा. त्यात क्रम नीट सांगितलाय. अभयारण्याचा इरादा जाहीर करा, मग जिल्हाधिकाऱ्यांनी लोकांच्या हक्कांची चौकशी करावी, कोणाची जमीन घ्यायची, कोणाचे हक्क ठेवायचे ते ठरवावं आणि त्यानंतर अंतिम अधिसूचना काढावी. म्हणजे मधलं सगळं काम महसूल खात्याचं. ते काम इथे वर्षानुवर्षं रेंगाळलं आणि तोवर लोकांचे व्यवहार अडकले. मुलीच्या लग्नासाठी एकरभर विकायचं म्हटलं तर माळढोक आडवा. बिगरशेती करायची तर माळढोक आडवा. अखेर तीन दशकांहून जास्त काळ आणि न्यायालयाच्या वाऱ्या झाल्यावर क्षेत्र १२२२ चौरस किलोमीटरवर आलं. तोवर एका पिढीने या पक्ष्याचं नाव रागाने घेतलं होतं.

हा राग अंगावर कोणी झेलला? रेघ ओढणाऱ्याने नव्हे. तो मंत्रालयात होता आणि पुढे निवृत्तही झाला. झेलला तो वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याने, वनपालाने आणि मोटारसायकलवरून पाच गावं फिरणाऱ्या गार्डने. ज्या गावात पिण्याचं पाणी मागितलं तर दार लागतं, त्या गावाच्या शिवारातलं अंडं तो गार्ड कोणाच्या भरवशावर राखणार? माळढोकाची मादी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर, गवताच्या आडोशाला एकच अंडं घालते आणि जवळपास महिनाभर एकटी उबवते. नांगर वळवायचा की नाही, मेंढ्या त्या बाजूने हाकायच्या की नाही, हे गुराखी आणि शेतकरी ठरवतो. तो आपल्या बाजूला असला तर पिल्लू निघतं. तो दुरावला की पोलीस बंदोबस्त लावूनही निघत नाही.

आता नान्नजला माळढोक दिसला की त्याची बातमी होते. देशात हा पक्षी जेमतेम दीडशेच्या घरात उरलाय आणि त्यातले बहुतेक जैसलमेरकडे. 

या कागदावरच्या अवाढव्य अभयारण्याच्या उलट कर्जत तालुक्यातलंच रेहेकुरी बघा. १९८० चं काळवीट अभयारण्य, क्षेत्र सव्वादोन चौरस किलोमीटरसुद्धा नाही. पण ते जमिनीवर आहे. हद्द दिसते, गवत खात्याच्या ताब्यात आहे, गार्डला एका फेरीत सगळं पायाखाली घालता येतं. काळवीट तिथे टिकलं. ते आसपासच्या पिकात शिरतं, त्यावरून कुरबुरी होतात, हे सगळं खरं. पण त्या कुरबुरींना एक माणूस उत्तर देऊ शकतो, कारण त्याच्या हातात काहीतरी आहे. मोठ्या आकड्याच्या अभयारण्यांच्या घोषणा ऐकल्या की म्हणूनच मला आनंद होत नाही. मी आधी विचारतो, यातली किती जमीन प्रत्यक्ष सांभाळता येणार?

आता झाडांकडे येतो, कारण माळाचा सगळ्यात मोठा घात चांगल्या हेतूनेच झालाय. महाराष्ट्रात वृक्षलागवडीची मोहीम २०१६ मध्ये २ कोटींवर सुरू झाली. पुढच्या वर्षी ४ कोटी, मग १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी. एवढे खड्डे खणायचे कुठे? डोंगरउतारावर खणणं अवघड, शेतात शेतकरी खणू देत नाही. राहता राहिली मोकळी सपाट जागा, म्हणजे गायरान आणि माळ. सरकारी दप्तरात ही जमीन पडीक. सॅटेलाइटच्या नकाशातही ती ओसाड जमिनींच्या रकान्यात. तिच्यावर झाड लावलं म्हणजे तिचा उद्धार झाला, अशी समजूत मंत्र्यापासून शाळेतल्या बाईंपर्यंत सगळ्यांची. माळ म्हणजे तुटलेलं जंगल, हीच मुळात चूक आहे. जिथे पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर आणि माती वीतभर, तिथे गवत हीच त्या जमिनीची पूर्ण वाढ.

ज्याला माळढोक राखायचाय त्याला मोकळा माळ लागतो. हा पक्षी दूरवर बघून जगतो. मध्ये ग्लिरिसिडियाची किंवा सुबाभळीची भिंत उभी राहिली की त्याच्या लेखी तो माळ संपला. तणमोराचं तेच, धाविकाचं तेच, आणि लांडग्यालाही आडोसा गवताचा हवा असतो, लागवडीचा नव्हे. तरी माळाची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याच्या गोपनीय अहवालात लागवडीचा आकडा भरायचा असतो. किती रोपं लावली, किती जगली. किती हेक्टर गवत झाडांपासून वाचवलं, असा रकाना कोणत्याही फॉर्मात बघायला मिळत नाही. माझी मागणी साधी आहे. गवताळ अभयारण्यांना लागवडीच्या लक्ष्यातून पूर्ण वगळा. एकही रोप नको. जी उभी आहेत ती टप्प्याटप्प्याने काढायला पैसे द्या, आणि झाड काढलं म्हणून त्या अधिकाऱ्यावर गहजब झाला की मंत्र्यांनी त्याच्या बाजूने उभं राहावं.

गवत राखणं हे काम किती मेहनतीचं, ते बघायचं असेल तर थंडीत जावं. पावसाळ्यानंतर कुसळी, मारवेल, पवन्या गुडघ्याच्या वर येतो आणि डिसेंबरपर्यंत वाळून खडखडीत होतो. चालताना कुसळं पायजम्यातून थेट मांडीला टोचतात. संध्याकाळी वारा पडला की गार्ड आणि रोजंदारीवरचे वनमजूर जाळरेषा घ्यायला निघतात. दोन्ही कडांचं गवत आधीच कापून ठेवलेलं असतं. मधला पट्टा पेटवायचा, ओल्या फांद्यांचे झोडपे घेऊन दोन्ही बाजूंनी चालायचं आणि ठिणगी पलीकडे उडाली की तिथेच दाबायची. डोळे चुरचुरतात, हाताचे केस जळतात. ही रेघ नीट पडली तर फेब्रुवारीत कोणी विडी टाकली तरी अख्खा माळ जळत नाही. या कामाचे पैसे वेळेवर आले नाहीत तर रेघ उशिरा पडते. आणि आग उशिराची वाट बघत नाही. मला विचाराल तर या मजुराची दिवसाची मजुरी वेळेत हातात पडणं हे संवर्धनातलं पहिलं काम आहे. परिषदा, बोधचिन्हं, सेल्फी पॉइंट सगळं त्याच्यानंतर.

दुसरं काम पंचनाम्याचं. पहाटे धनगराच्या वाड्यात लांडगा शिरतो, दोन मेंढ्या पडतात. तो माणूस फोन करतो. गार्ड येतो, दात कुठे लागलेत ते बघतो, फोटो काढतो, पशुवैद्यकाला बोलावणं धाडतो, पंचांच्या सह्या घेतो. धनगर उद्या पुढच्या मुक्कामाला निघणार आहे, त्याचा वाडा कागदासाठी थांबू शकत नाही. आधार, बँकेचं पासबुक, कधी मोबाइल नंबरच बदललेला. प्रकरण वर जातं, त्रुटी लागून खाली येतं. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. लांडग्याचं आयुष्य त्या फायलीला बांधलेलं आहे. पैसे महिन्याभरात आले तर मेंढपाळ म्हणतो, जाऊ दे, त्याचंही पोट आहे. धनगर समाजाने लांडग्याला पिढ्यान् पिढ्या असाच वाटा दिलाय. पण दोन-तीन प्रकरणांत काहीच हाती आलं नाही की कोणीतरी मेलेल्या मेंढीवर विष टाकतो आणि बिळाजवळची पिल्लंसुद्धा जातात. म्हणून अभयारण्याचा प्रमुख चांगला की वाईट, हे मी त्याच्या टेबलावरच्या प्रलंबित नुकसानभरपाईच्या ढिगावरून ओळखीन. त्याच्या कॅमेऱ्यातल्या फोटोंवरून नव्हे.

शेतकऱ्यावर मात्र कोणी बोट दाखवू नये. हे नान्नज द्राक्षासाठी महाराष्ट्रभर नावाजलेलं आहे. सोनाका, शरद सीडलेस ही वाणं इथल्या काळे कुटुंबाच्या बागेतली. कोरडवाहू ज्वारीच्या गावाने स्वतःच्या अकलेने बागा उभ्या केल्या, पोरं शिकवली. उजनीचं पाणी आलं तिथे ऊस आला. ज्वारी, भुईमूग, मटकीच्या रानात टोळ-किडे वेचत फिरणाऱ्या माळढोकाची जागा त्यात आक्रसली, हे खरंच. पण गरीब राहा, म्हणजे आमचा पक्षी वाचेल, असं कोणत्या तोंडाने सांगणार? सांगायचं असेल तर पैसे घेऊन सांगायला जावं. माळाला लागून असलेल्या पट्ट्यात जो शेतकरी ज्वारी, हुलगा, मटकी ठेवेल आणि विणीच्या दिवसांत रान शांत ठेवेल, त्याला एकरी ठरावीक रक्कम दरवर्षी द्यावी. ती ठरवायचा आणि वाटायचा अधिकार अभयारण्याच्या अधिकाऱ्याला असावा. आज त्याच्याकडे नोटीस काढायचा अधिकार आहे. माणूस जोडायचा नाही.

आणि तो अधिकारी बसतो कुठे? नान्नजचं अभयारण्य पुण्याच्या वन्यजीव विभागाखाली. त्याच विभागाकडे भीमाशंकरचं सदाहरित जंगल आणि त्यातला शेकरू. एका आठवड्यात सह्याद्रीच्या धुक्यात आणि दुसऱ्या आठवड्यात अडीचशे किलोमीटरवरच्या सोलापूरच्या उन्हात लक्ष घालायचं. कितीही कर्तबगार माणूस असला तरी माळाची नाडी पुण्यातून लागत नाही. माळाला स्वतःचा विभाग द्या, मुख्यालय सोलापुरात ठेवा.

मग प्रश्न मुदतीचा. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदल्यांच्या कायद्याने सर्वसाधारण मुदत तीन वर्षांची ठरवली. माळढोकाची मादी वयात यायलाच तीन-चार वर्षं घेते. म्हणजे साहेब रुजू झाले त्या मोसमात जन्मलेलं पिल्लू पहिलं अंडं घालायच्या आत साहेबांची बदली झालेली असते. एका माणसाने सुरू केलेलं गवताचं काम दुसऱ्याला पटत नाही, तिसरा येतो आणि तिथे निसर्ग पर्यटन संकुल काढतो. अमेरिकेत १९०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी फ्लोरिडातलं पेलिकन आयलंड राखीव केलं. तिथल्या संघराज्य सरकारचं हे पहिलं पक्षी-अभयारण्य, पाच-सहा एकरांचं एक बेट. राखणीला पॉल क्रोगेल हा स्थानिक होडी बांधणारा नेमला. सरकारने पगाराची तरतूद केली नव्हती, म्हणून पक्षिप्रेमींच्या संस्थेकडून त्याला महिन्याला एक डॉलर मिळायचा. पगाराचा हा भाग आपण घ्यायचा नाही. घ्यायचं ते हे, की तोच माणूस दोन दशकांहून जास्त काळ तिथे राहिला. त्याला बेटाच्या प्रत्येक बाजूचं पाणी माहीत होतं आणि पिसांसाठी बंदूक घेऊन येणारा कुठून येणार तेही माहीत होतं. आपल्याकडे असं ज्ञान असतं, पण ते गार्ड आणि वनमजुराच्या डोक्यात असतं. साहेब बदलतात तेव्हा या दोघांना कोणी विचारत नाही. साहेबाला निदान सहा वर्षं द्या. आणि वनमजूर वर्षानुवर्षं रोजंदारीवर ठेवू नका, त्याला कायम करा.

वीजतारांचं तर विचारूच नका. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, जड शरीर ऐनवेळी वळवता येत नाही, तारेवर आदळून तो मरतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये राजस्थान-गुजरातेतल्या त्याच्या टापूत तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं, आणि मार्च २०२४ मध्ये तो आदेश सैल करून तज्ज्ञांची समिती नेमली. देशाच्या सर्वोच्च न्यायालयालाही जी तार हलवताना एवढं जड जातं, ती अभयारण्याचा अधिकारी एका पत्राने हलवील, ही अपेक्षा कोणी ठेवू नये. कुत्र्यांचंही तसंच. माळावर मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या काळविटाची पाडसं फाडतात, लांडग्याला रोग देतात. पुणे जिल्ह्यात तर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालंय. कुत्र्यांची नसबंदी ग्रामपंचायतीने, नगरपालिकेने करायची. त्यांच्याकडे ना डॉक्टर, ना गाडी. वन खात्याच्या निधीतून हा खर्च करायला सरळ परवानगी द्या, विषय मिटेल.

पाण्याचा मात्र मिटवायला हवा तो आत्ताच, कारण त्याला पैसाही लागत नाही. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर घ्या. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचा जुना बंधारा, त्यामागे गाळ साचून तयार झालेली दलदल. १९८६ मध्ये अभयारण्य, जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीतलं राज्यातलं पहिलं पाणथळ म्हणून जाहीर. हिवाळ्यात उत्तरेकडून हजारो बदकं येतात. तुतारी, चिखले यांच्यासारख्या पायाने चिखल तुडवत खाणाऱ्या पक्ष्यांना वीतभर पाणी आणि उघडा चिखल लागतो, बुडी मारणाऱ्या बदकांना खोल पाणी. दोन्ही एकाच वेळी ठेवायचं तर पातळी हळूहळू उतरवावी लागते. दरवाजे जलसंपदा खात्याचे. आवर्तन शेतीच्या आणि शहरांच्या मागणीनुसार ठरतं. पाणी एकदम सुटलं की चिखल उघडा पडून आठवड्यात तडकतो. एकदम भरलं की चिखलावरचे पक्षी उपाशी. अभयारण्याच्या अधिकाऱ्याला हे दुर्बिणीतून दिसतं, आणि दिसण्यापलीकडे त्याला काही करता येत नाही.

शेतकऱ्याचं पाणी तोडा असं मी म्हणत नाही. म्हणणं एवढंच, की ते कोणत्या आठवड्यात आणि किती वेगाने सुटावं, या हिशेबात पक्ष्यांचाही विचार व्हावा. हे कालवा सल्लागार समितीत ठरतं. लोकप्रतिनिधी तिथे असतात, अभियंते असतात, शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असतात. ज्या धरणाच्या किंवा बंधाऱ्याच्या पाण्यात अभयारण्य आहे, तिथल्या समितीत वन्यजीव विभागाच्या अधिकाऱ्याला हक्काची खुर्ची आणि मत हवं. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, जलसंपदा विभागाचा एक शासन निर्णय पुरतो. रब्बीच्या आवर्तनाची बैठक पावसाळा संपला की लागते. निमंत्रितांची यादी त्याच्या आत दुरुस्त करून घ्यावी.